वेस्टरबेकचे तीन सरदार तटस्थ राहिले त्याची हकीकत

या, श्रोतेहो, अंमळ पुढे सरकून बसा, मागून येणाऱ्यांसही जागा द्या, देवाचे नाव मनात घ्या आणि कान इकडे करा. दोन थोर दौलतींची झुंज लागली असता शेजारच्या दौलती तटस्थ का राहतात, याची हकीकत सांगतो. राजधान्यांतील कारभाऱ्यांनी याविषयी रद्दड कागद बहुत लिहिले, त्यांत तह आहेत, खलिते आहेत, मुत्सद्देगिरी तर पानोपानी आहे. परंतु खरे कारण त्यांत कोठेही नाही. ते आमच्या गावी एका उंबरठ्यावर भर दुपारी उघडे पडले, आणि साऱ्या गावाने पाहिले.

शके सतराशे ब्याण्णव, प्रमोदनाम संवत्सरे, श्रावण वद्य पक्षी, म्हणजे इसवी अठराशे सत्तरच्या ऑगस्टात, फरासीस आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले होते, आणि तोफांचा मार असा जाहला की माणसे पिकासारखी कापली गेली, आणि भोवतालच्या दौलती आपापल्या गच्चीत उभ्या राहून धूर पाहात होत्या. ऑस्ट्रियाने चार वर्षांमागे प्रशियाकडून शिकस्त खाल्ली होती, वैर ताजे होते, परंतु ते म्हणत की इटली निघो, मग आम्ही निघतो. आणि इटली म्हणे की ऑस्ट्रिया निघो, मग आम्ही. आणि इंग्रज म्हणे की आम्ही दोघांचेही स्नेही, आणि आपले दुकान उघडे ठेवी. आमचे दिनमारांचे, म्हणजे डॅनिश लोकांचे, राज्य तर सहा वर्षांमागे प्रशियाने दक्षिणेकडून अर्धे तोडून नेलेले. आमचे लोक म्हणत की फरासिसांची फौज जहाजांतून उतरो, मग आम्ही समशेर उचलतो. आणि जहाजे दुरून धूर सोडीत म्हणत की तुम्ही आधी उचला, मग आम्ही उतरतो. येणेप्रमाणे जो तो दुसऱ्यास वाट देत उभा राहिला. यास राजधानीत राजनीती म्हणतात. आमच्याकडे यास सभ्यता म्हणतात.

मौजे वेस्टरबेक, कोंगे नदीच्या उत्तरेस एक कोस. नदी हीच नवी सरहद्द. अलीकडे आम्ही, पलीकडे आमचेच सोयरे, आमचीच भाषा, आमचीच स्तोत्रे, परंतु अंमल प्रशियाचा. त्या अमलात पलीकडच्या जवान माणसांस हुकूम सुटले की टोकदार शिरस्त्राण घालून फरासिसांवर चालून जावे. ज्या बादशहाने मुलूख तोडला त्याच्याच निशाणाखाली मरावे, ऐसा प्रसंग.

त्यांत एक निस. वय सव्वीस, गवत कापण्यात तरबेज. त्याची बहीण सिड्सेल आमच्या गावी टेर्केल मालकांच्या वाड्यावर दूधदुभत्याचे काम पाही. आईबाप वारले, दोघेच उरली. निसने अंडी विकणाऱ्या बाईहाती निरोप धाडिला की आदितवारी चार वाजता लांब दांड्याचा विळा खांद्यावर टाकून पुलावर येतो. पुलाचा कायदा ऐसा की, अलीकडच्या गावचा कोणी जमीनदार खासा आमच्या नाक्यावर उभा राहून "हा माझा सुगीचा गडी" म्हणेल तर माणूस पार व्हावा. एका जमीनदाराने एक गडी. कोणी न आल्यास नाक्याने त्यास परत लोटावे, आणि पुलाच्या मध्यावर प्रशियाचा शिपाई उभाच असे. दुसरे दिवशी पलटण कूच करणार होती. म्हणजे चाराच्या ठोक्याला निस एक तर बहिणीच्या घरी, नाही तर तोफेच्या तोंडी.

सिड्सेलने मालकांपुढे पदर पसरला. टेर्केल मालक म्हणजे वेस्टरबेकचे सेनाधुरंधर; गेली सहा वर्षे दर आदितवारी देवळाबाहेर उभे राहून प्रशियास जिंकीत. त्यांनी छातीवर हात मारिला आणि आज्ञा केली की, एकट्याने जाणे शोभत नाही, पुढारपण केल्यासारखे दिसते. याकरिता शेजारच्या दोन गावचे मातब्बर, लाव बैलवाले आणि ईव्हर चक्कीवाले, यांस आदितवारी दुपारी मेजवानीस पाचारण करावे, मसलत करावी, आणि तिन्ही निशाणे एकवटून पुलावर चालून जावे.

"मालक, पण तुम्ही एकटे गेलात तरी चालेल की," सिड्सेल म्हणाली. "एकच तर शब्द बोलायचाय."

"अगं, शब्द एकच असला तरी त्याला वजन लागतं," मालक म्हणाले.

आदितवार उजाडला. सकाळी देवळात पाद्रीबाबांनी प्रवचन केले आणि मग दक्षिणतीरीच्या बांधवांसाठी अकरा कडव्यांचे स्तोत्र लावले. काय सांगू, श्रोतेहो, त्या स्वरात देव स्वतः मागच्या बाकावर येऊन बसला असेल! तिघा सरदारांच्या डोळ्यांतून पाणी वाहात होते, आणि ईव्हरचा खर्ज तर खिडक्यांच्या काचा हलवी. सिड्सेल मागे बसून त्यांच्याकडे पाहात होती, आणि तिला वाटले, माझे काम झाले. गाणाऱ्या माणसाविषयी ऐसी चूक होते. आम्हीही पुष्कळदा केली आहे.

बारा वाजता लाव आणि ईव्हर यांच्या गाड्या अंगणात लागल्या, आणि येथून मोहिमेस प्रारंभ जाहला.

आमच्या मुलखाचा रिवाज तो काय सांगावा! बोलावले म्हणून आत जाणारा हावरा ठरतो. तीनदा आग्रह व्हावा, आणि तिसऱ्यानंतरही जो प्रथम उंबरठा ओलांडील त्याने आपणांस सर्वांत थोर मानिले, ऐसा अर्थ होतो. याकरिता शहाण्याने दुसऱ्यास पुढे लोटावे आणि स्वतः दाराच्या चौकटीस घट्ट धरून ठेवावे. टेर्केल मालकांनी दार उघडले आणि पहिला हल्ला केला.

"या, या! आत या की!"

"नको नको, आम्ही आपले सहज आलो होतो," लाव म्हणाले. त्यांनी सकाळपासून जेवणासाठी उपास धरिला होता.

"अहो, सार निवतंय. लाव, तुम्ही व्हा पुढे."

"मी? ईव्हर उभे असताना मी? बैलवाल्याने चक्कीवाल्याच्या पुढे जायचं म्हणजे काय!"

"माझे बूट बघा आधी," ईव्हर म्हणाले. "सगळे पिठाचे. मी आपला इथंच उभा राहतो, मला वारा आवडतो."

"पीठ तर पीठ! घरात काय आम्ही पीठ बघितलं नाही?"

"मग घरमालकाने आधी जावं, आम्ही मागून येतो."

"पाहुण्यांच्या आधी मी? लोक काय म्हणतील!"

आणि मग लावांनी ईव्हरचा दंड धरिला, आणि ईव्हरने लावांची कंबर धरिली, आणि मालकांनी दोघांस मागून रेटा दिला, आणि दोघांनी पाय भुईत रोविले, आणि ऐसी घनघोर लढाई जाहली की अंगणातील बदके भिंतीआड गेली. एकदा लावांचा डावा पाय उंबरठ्याच्या आत गेला होता, तो त्यांनी मोठ्या शिताफीने परत मिळविला.

आत चुलीपाशी मालकीण बोडिलबाई उभ्या होत्या. वाडा मूळचा त्यांच्या बापाचा, टेर्केल मालक लग्न करून त्यात आलेले. परंतु ही गोष्ट बाई कधी बोलून दाखवीत नसत.

"मालकीणबाई, एक वाजायला आला," सिड्सेल म्हणाली.

"ऐकू येतंय मला." मग बाईंनी दाराकडे तोंड केले. "आत तरी या, नाही तर बाहेर तरी जा! दार उघडं टाकून माश्या घेताय सगळ्या घरात!"

या तोफेने तट ढासळला आणि तिघेही एकदम आत पडले, म्हणून प्रथम कोण गेला हे आजतागायत ठरले नाही. परंतु आत दुसरा किल्ला होता. खिडकीखालच्या बाकाचे वरचे टोक ते मानाचे. तेथे कोणी बसेना. तिघेही दाराजवळच्या तिपाईसाठी झटले, आणि ती एकच होती. घड्याळाने दोनाचा ठोका दिला तेव्हा मानाची जागा रिकामी टाकून तिघे सरदार खालच्या टोकास एकमेकांच्या मांडीवर मांडी टाकून दाटीने बसले होते. मग कोंबडीचे सार आले, त्यांत खिम्याचे गोळे, राईचा काळा पाव, आणि मग पहिला चमचा कोणी उचलावा याचा वेढा पडला, तो अर्ध तास चालिला. सारावर साय धरिली.

अडीच वाजता सिड्सेल ताटे ठेवता ठेवता म्हणाली, "मालक, पुलाचं..."

"हो हो, त्याच मसलतीला बसलोय ना आम्ही!" मालक म्हणाले आणि पाहुण्यांकडे वळले. "तर आपण तिघांनी जायचं. प्रश्न एवढाच, की नाक्यावर आधी बोलायचं कुणी."

"अर्थात तुम्ही," लाव म्हणाले. "त्याची बहीण तुमच्याकडे कामाला."

"तेच तर! बहीण माझ्या घरात, आणि मीच बोललो तर पक्षपात दिसणार नाही का? ज्याचा काडीचा संबंध नाही त्याने बोललं की शोभतं. ईव्हर, तुमचा काही संबंध नाही."

"काहीच नाही," ईव्हरने मान डोलाविली. "आणि संबंध नसताना मी मधे पडायचं म्हणजे आगाऊपणा. शिवाय दक्षिणेकडचं सगळं धान्य माझ्या चक्कीवर येतं. मी पुलावर दिसलो तर तिकडचे शेतकरी काय म्हणतील?"

"शाब्बास म्हणतील," सिड्सेल म्हणाली.

तिघांनी चमचे खाली ठेविले. दूधवाल्या बाईने मसलतीत तोंड घातल्याचे वर्तमान पूर्वी कोठे ऐकिले नव्हते.

"माझं म्हणाल तर," लाव म्हणाले, "मन माझं पूर्ण फरासिसांकडे आहे. पण बैल हाम्बुर्गला जातात. आणि यंदा तिकडे बैलाला मागणी आहे, पलटणी खातात ना. बैलाला काय कळतं कोण प्रशियाचा नि कोण कुणाचा?"

"बैलाला कळत नाही," बोडिलबाई चुलीपासून म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला विचारतेय."

"फरासिसांची जहाजं एकदा लागू देत किनाऱ्याला," मालक म्हणाले आणि मुठीने मेजास ऐसा ठोसा दिला की सार हिंदकळले, "मग बघा मी काय करतो!"

घड्याळात तीन वाजले. सिड्सेल मेजाच्या कडेला धरून उभी राहिली. ती म्हणाली, "मालक, पूल कोसावर आहे. आता निघालात तर पोचाल. मी तुमच्या गाईंचं दहा वर्षं दूध काढलं, कधी काही मागितलं नाही. चला ना हो."

मालकांस खरेच वाईट वाटले. त्यांचे डोळे सकाळच्यासारखे भरून आले. ते म्हणाले, "अगं, मी निघालोच आहे. फक्त हे दोघे उठू देत."

"टेर्केल उठले की आम्ही उठतोच," दोघे म्हणाले. आणि तिघे बसून राहिले.

मग बोडिलबाईंनी हात पुसले, आणि कोणीही आग्रह केलेला नसता, एकदाही नाही, त्या दारातून सरळ बाहेर पडल्या. मागे पाहिले नाही. तबेल्यातून घोडी काढिली, गाडी जुंपिली आणि हाक दिली, "सिड्सेल! बस वर. त्यांचं चालू दे."

तिघांनी खिडकीतून पाहिले. ईव्हर म्हणाले, "बायकांना कसं, रीतभात कमीच."

घोडी फेसाळली आणि चारास दहा मिनिटे कमी असता गाडी पुलावर पोचली. नाक्याचा अंमलदार डोईवर टोपी नीट बसवून बाहेर आला. पुलाच्या मध्यावर पांढरी रेघ होती, रेघेपलीकडे प्रशियाचा शिपाई, आणि त्याच्यापुढे खांद्यावर विळे टाकलेले दोघे जण उभे. एक निस. दुसरा थोराड अंगाचा, हसतमुख, वीटभट्टीवर काम करणारा क्रेस्टेन. त्याला अलीकडे कोणीच नव्हते, सिड्सेलच्या उलट निरोपावरून निसने सांगितले होते की तीन जमीनदार येणार आहेत, तर एखादा तुझेही नाव घेईल, म्हणून आलेला.

"मालक कुठायत?" अंमलदाराने विचारिले.

"जेवायला बसतायत," बोडिलबाई म्हणाल्या.

"अजून?"

"अजून."

अंमलदार टेर्केल मालकांकडे पूर्वी जेवला होता. त्याने सुस्कारा टाकिला. "बोडिलबाई, कायदा म्हणतो जमीनदाराने स्वतः यावं. बाईमाणसाचं चालत नाही. माझा विरोध नाही हं काही. बाजूही नाही. मी आपला तटस्थ."

"तटस्थ ना? मग नीट व्हा की तटस्थ. हो म्हणू नका, नाही म्हणू नका. आणि बघूही नका. बघितलंत की कुणाची तरी बाजू झाली."

अंमलदाराने यावर विचार केला. कायद्यात याची तोड सापडेना. तो हळूहळू कठड्याकडे वळला, खाली पाण्यात डोकावला आणि म्हणाला, "मासे बरेच आहेत आज."

श्रोतेहो, वाट मोकळी जाहली. नाक्यावरून ना होकार ना नकार. शिपाई नकाराची वाट पाहात बुचकळ्यात उभा. रेघ एका पावलावर. आणि निसने काय केले? निसही आमच्याच मुलखाचा. त्याने टोपी काढिली, छातीशी धरिली आणि बोडिलबाईंस म्हणाला,

"तुम्ही कशाला एवढ्या उन्हात आलात? आम्ही आहोत इथं, बरं आहे आमचं."

"निस, ये!" सिड्सेल ओरडली.

"अगं, पण साहेब काही म्हणाले नाहीत अजून. असं कसं घुसायचं?"

"मेल्या, मागे बघ तुझ्या!"

"नको, उगाच त्यांना त्रास..."

सिड्सेलने तिसऱ्यांदा बोलाविले नाही. ती धावत रेघेपर्यंत गेली, वाकून त्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरिली आणि दावणीचे वासरू ओढावे तैसे हिसडून अलीकडे आणिले. सदरा बेंबीपर्यंत फाटला. निस गुडघ्यांवर पडला, तो आमच्या राज्यात पडला.

"तूही ये बाबा!" बोडिलबाई क्रेस्टेनला म्हणाल्या. "चल, ये लवकर!"

क्रेस्टेन हसला. टोपी त्याच्याही हातात होती. तो म्हणाला, "नको बाई, तुमच्याकडे आधीच एक खाणारं तोंड वाढलं."

हा पहिला नकार. रिवाजाप्रमाणे अजून दोन आग्रह बाकी होते. परंतु शिपाई दूरच्या मुलखाचा, त्यास आमचा रिवाज ठाऊक नव्हता. एक गेलेला पाहून त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकिला. बाईंनी दुसरा आग्रह केला तेव्हा क्रेस्टेन वळलेला होता. तिसरा केला तेव्हा तो पलीकडच्या काठावर होता, आणि त्याने तेथून टोपी हलवून उत्तर दिले. अंमलदार मासे पाहात होता.

पाच वाजता गाडी वाड्यावर आली. तिघे सरदार कॉफीपर्यंत पोचले होते. ताटात खिम्याचा एक गोळा उरला होता, तो कोणीही घेईना, आणि त्यावर सौजन्याची चकमक चालू होती. मालकांनी निसला फाटक्या सदऱ्यानिशी दारात पाहिले आणि हात उभारिले.

"बघा! सांगत नव्हतो? आपण घाई केली असती तर बिघडलं असतं सगळं. ये रे पोरा, आत ये!"

निस पहिल्याच हाकेला आत आला, सरळ बाकाच्या वरच्या टोकास जाऊन बसला, आणि गोळा खाल्ला. चघळत तिघांकडे पाहात राहिला. म्हणाला, "तुम्ही तिघे आला असता तर तिघांची नावं घेता आली असती. आम्ही दोघंच होतो."

यावर ईव्हरने साखर मागितली.

मग लेखणी आणविली आणि ठराव लिहिला, तो आजही गावच्या पेटीत आहे, तो ऐसा की: वेस्टरबेक आणि शेजारची दोन गावे, थोर विचारांती, कोणाच्याही भयाने नव्हे, या युद्धात तटस्थ राहात आहेत, आणि या धोरणाने आजच एक जीव वाचविला, याबद्दल तिघांचे परस्परांस धन्यवाद. सही आधी कोणी करावी यावरून दिवेलागण जाहली. शेवटी कागद गोल कापून सभोवार सह्या केल्या, म्हणजे पहिला कोणी नाही. येणेप्रमाणे वेस्टरबेकच्या सरदारांनी उंबरठा, बाक आणि सार हे तिन्ही किल्ले सर करून, एकही पाऊल पुलाकडे न टाकिता, फत्ते केली. तिघेही पुढे सन्मानाने म्हातारे जाहले. आदितवारी स्तोत्रे म्हणत, आणि खर्ज तोच राहिला.

निसने आमच्या गावी गवत कापले, संसार केला. सिड्सेलने त्याचा सदरा शिवून दिला. त्या दोघांकरिता काही मागत नाही, देवाने त्यांस पुष्कळ दिले.

परंतु फरासिसांच्या मुलखात, मेट्झकडच्या एका शेतात, पाने गळण्याच्या आधी, वीटभट्टीवरचा क्रेस्टेन पडला. पलीकडच्या पाद्रीबाबांनी त्याचे नाव देवळात वाचले. आडनाव आम्हांस कोणासच ठाऊक नव्हते, विचारिले नव्हते. तर श्रोतेहो, आता उठाल, घरोघर जाल, तेव्हा नुसते नाव ध्यानी असू द्या. क्रेस्टेन. थोराड होता, हसत होता, आणि वेळीच एकदा अधिक बोलाविले असते तर आला असता.